माघातली बाग : उन्हाळ्याची बेगमी

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे आपल्याकडे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु देशावर ज्याच्या घरामागे चार झाडे आहेत त्याने तिच्या जाण्याची वाट पाहत न बसता, रथसप्तमीचे दूध अंगणात उतू गेले की दुसऱ्या दिवसापासूनच खुरपे हाती घ्यावे, हे बरे. कारण माघ-फाल्गुनाचा शिशिर आणि चैत्र-वैशाखाचा वसंत ही वाटणी काव्याच्या दरबारात जितकी मान्य आहे, तितकी ती बागेच्या दप्तरात नाही. पुणे, सातारा, नगर, सोलापूर या टापूत भरवशाचा म्हणावा असा शेवटचा पाऊस ऑक्टोबरात पडून गेलेला असतो, पुढचा मृगावाचून यावयाचा नसतो, आणि मधल्या काळात वळवाची एखादी सर आलीच तर ती बक्षिसी समजावी. तिच्यावर हिशेब बांधू नये. मार्च उजाडताच दुपारची हवा कोरडी होते, एप्रिलात पुण्याचा पारा अडतीस अंशांच्या घरात जातो, आणि आम्रवृक्षाच्या आड कोकिळ कूजन करू लागतो तेव्हा विहिरीच्या पायऱ्या एकेक करून उघड्या पडत असतात. सबब, वसंताची तयारी म्हणून आपण माघात जे काही करतो ती वस्तुतः ग्रीष्माची बेगमी असते. आणि ही गोष्ट एकदा मनाशी पक्की केली, म्हणजे कोणते काम आता करावे व कोणते मुळीच करू नये याचा निवाडा पुष्कळसा आपोआप होतो.

ही खूणगाठ बांधण्याची गरज अशासाठी की, बागकामाची आपली पुष्कळशी छापील विद्या परक्या हवेतून आलेली आहे. फर्मिंजर या पाद्रीसाहेबांचा १८६४ सालचा ग्रंथ हिंदुस्थानातील बंगलेवाल्यांमध्ये फार मान्यता पावला, पण तो त्याच्या नावाप्रमाणेच बंगाल व उत्तर हिंदुस्थान यांच्याकरिता लिहिलेला होता. पुण्यास राहून, गणेशखिंडीच्या बागेतल्या अनुभवावर आपले पुस्तक रचणाऱ्या वुड्रो साहेबांसारखे लेखक विरळा. अलीकडे तर विलायतेतले सल्ले चित्रफितींच्या वाटेने थेट आपल्या गच्चीवर येऊन उतरतात, आणि त्यांत फेब्रुवारीचे पहिले कलम ठरलेले असते : गुलाब सपाटून छाटा. तिकडे ते योग्यच आहे, कारण तेथला गुलाब गोठलेल्या जमिनीत झोप घेऊन उठत असतो व त्याच्यापुढे पाच-सहा महिन्यांचा सौम्य काळ उभा असतो. आपल्याकडे गुलाबाची मोठी छाटणी पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात होते आणि तिची फुले हिवाळाभर चालतात. त्याच झुडपावर माघात पुन्हा कात्री चालवली, तर येणारी कोवळी तांबूस पालवी नेमकी मार्चच्या झळांच्या तोंडी सापडते. तेव्हा या महिन्यात गुलाबाशी हात आखडता असावा. सुकलेले फूल दोन-तीन पानांसह तिरप्या कापाने उतरवावे, वाळलेली काडी काढावी, आणि डोळा भरलेल्या जागेच्या खालून रानगुलाबाचे जे जोमदार फुटवे निघतात ते वरवर न कापता मुळापाशी मोडून टाकावेत. याहून अधिक काही नको. जानेवारीच्या अखेरीस पुण्याच्या एम्प्रेस बागेत जे पुष्पप्रदर्शन भरते, तेथून कोणीही सद्‌गृहस्थ रिकाम्या हाताने परतत नाही, हे मी पाहत आलो आहे. रोपे अवश्य आणावीत. पण ती जमिनीत लावण्याची घाई न करता मृगापर्यंत सकाळचे ऊन व दुपारची सावली अशा जागी पिशवीत किंवा कुंडीतच राहू द्यावीत.

मोगऱ्याचा न्याय याच्या उलट आहे, आणि माघातल्या सगळ्या कामांत ज्याला सर्वांत अधिक वेळ द्यावा असे हेच काम होय. मोगरा फुलतो तो नव्या फुटीच्या शेंड्यावर. जुन्या काडीला तो कळी धरीत नाही. यास्तव जितके फुटवे अधिक तितक्या कळ्या अधिक, हे त्याचे साधे गणित आहे. मार्गशीर्षापासून त्याचे पाणी हळूहळू तोडावे. पाने निस्तेज होतात, पिवळी पडून काही गळतात, पाहणाऱ्याचा जीव कळवळतो, घरातल्या आजी तांब्या घेऊन धावतात, आणि बहुतेक घरांतला मोगरा येथेच बिघडतो. कारण हा ताण म्हणजे झाडाची वाढ थांबवून काडीत अन्न साठवून घेण्याकरिता त्यास दिलेली सक्तीची रजा असते, आणि ती मध्येच मोडली की झाड पुन्हा नुसत्या पानांच्या मागे लागते. माघ लागून रात्रीचा कडाका ओसरू लागला, की झुडपाच्या साऱ्या फांद्या सुतळीने सैलसर एकत्र बांधाव्यात आणि जमिनीपासून दीड-दोन फुटांवर धारदार कात्रीने कापून घ्याव्यात. मग सुतळी सोडून, आतल्या वाळक्या, किडक्या व एकमेकींवर घासणाऱ्या काड्या बुडाशी काढाव्यात, आणि उरलेली जुनी पाने हाताने खुडून टाकावीत. नंतर बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून सभोवारची माती चार बोटे खोल उकरावी, ती दोन-तीन दिवस तशीच उघडी ठेवावी, आणि मग घमेलेभर चांगले कुजलेले शेणखत व दोन मुठी निंबोळी पेंड त्या मातीत मिसळून खळगा बुजवून टाकावा. पहिले पाणी बेताचे, माती नुसती दमट व्हावी इतकेच असावे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुसरे भरपूर, आणि पुढे नियमाने. पंधरवड्यात प्रत्येक पेरातून पोपटी डोळे फुटतात, आणि पाडव्याच्या आगेमागे घरात पहिली ओंजळ येते. कुंडीतल्या मोगऱ्याला मात्र एवढा कडक ताण सोसत नाही. तेथे पान मलूल होईपर्यंत थांबावे, आणि झाले की भांडेभर पाणी द्यावे.

जुईची छाटणी याच सुमारास आणि जाईची जरा आधी होते. कुंद या दिवसांत ऐन फुलावर असतो, त्यास तूर्त हात लावू नये. बोगनवेल व चाफा ही दोन झाडे आपला ताण आपणच घेतात, आणि निष्पर्ण चाफा पाहून दया येऊन त्याच्या बुडाशी बादल्या ओतणारी माणसे त्याची मुळे कुजवतात. याच पर्णहीन अवस्थेत चाफ्याची हातभर फांदी कापून, चीक गळून जखम कोरडी होईपर्यंत आठवडाभर सावलीत उभी ठेवावी व मग वाळूमिश्रित मातीत लावावी. ती सहसा दगा देत नाही.

फळझाडांच्या बाबतीत ताणाची ही विद्या आपल्या शेतकऱ्याने फार पूर्वीच शास्त्राच्या पदवीला नेली आहे. मृग बहार, हस्त बहार आणि आंबे बहार अशी जी बहारांची वाटणी डाळिंब, लिंबू, मोसंबी, संत्रे यांच्या बागाईतदारांत चालते, तिच्यातला आंबे बहार हा याच दिवसांतला, म्हणजे आंब्याला मोहोर येतो त्या वेळचा. परसातल्या लिंबाला हा बहार धरावयाचा, तर मार्गशीर्ष-पौषात पाणी तोडलेले असले पाहिजे आणि आता ते क्रमाक्रमाने, आधी थोडे व मग पुरते, सुरू केले पाहिजे. ज्यांनी तेव्हा तोडले नाही त्यांनी आता तोडू नये. फुलावर आलेल्या झाडाचे पाणी बंद करणे किंवा त्याच्या बुडाशी कुदळ चालवणे, म्हणजे हाती आलेला वसूल परत करणे होय.

आंब्याचे तर याहून नाजूक. मोहोर फुटल्यापासून कैऱ्या वाटाण्याएवढ्या होईपर्यंत मोठ्या झाडाला पाणी देऊ नये. दिल्यास नवी पालवी फुटते, आणि पालवी व मोहोर यांच्या भांडणात पालवीच जिंकते. मोहोरावर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी समजावी, आणि पाण्यात मिसळणारे गंधक दहा लिटरास वीस ग्रॅम या प्रमाणात सकाळी लवकर फवारावे. उन्हाच्या तडाख्यात गंधक फवारल्याने पान करपते. मोहोर पुरता उमललेला असताना मात्र कोणतेही औषध मारू नये. त्या वेळी त्याच्यावर घोंघावणाऱ्या माश्या व मधमाश्या हेच आपल्या कैऱ्यांचे कारण आहे, हे विसरून पंप खांद्याला लावणारे लोक पुढे चैत्रात फळ धरले नाही म्हणून हवेला दोष देतात.

आता आळ्यांविषयी. घरोघरी आळे म्हणजे बुंध्याला बिलगून केलेला परातीएवढा खळगा असतो, आणि झाड वीस वर्षांचे झाले तरी तो तेवढाच राहतो. वास्तविक पाणी शोषणारी बारीक मुळे बुंध्यापाशी नसतात. ती फांद्यांच्या घेराखाली असतात, भर दुपारी झाडाची सावली जेथे संपते तेथपर्यंत. यास्तव आळे तेवढे रुंद करावे, आणि बुंध्याभोवती मातीची उंचशी भर घालून, पाणी तिच्या बाहेरच्या वर्तुळात फिरेल अशी तजवीज करावी. बागाईतदार हिला बांगडी पद्धत म्हणतात. लिंबू, मोसंबी यांच्या खोडाला पाणी लागत राहिले म्हणजे सालीतून डिंक वाहू लागतो आणि पुढे झाडच जाते, तो प्रकार या एका भरीने पुष्कळ टळतो.

खोडास लेप देण्याचे कामही आताच उरकावे. रस्त्याकडेच्या झाडांना सरकारी खर्चाने जे गेरू-चुन्याचे पट्टे ओढतात त्यांची शोभा बरी दिसते. परसातल्या झाडांस बोर्डो लेप अधिक उपयोगी पडतो, आणि तो घरी करता येतो. शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात रात्रभर विरघळत ठेवावे; दुसऱ्या भांड्यात शंभर ग्रॅम कळीचा चुना थोडथोड्या पाण्याने विरवून तोही अर्धा लिटर करावा, आणि निवल्यावर फडक्यातून गाळून घ्यावा. भांडी मातीची, चिनीमातीची किंवा प्लास्टिकची असावीत. लोखंडाचे वा पत्र्याचे भांडे मोरचूद खाऊन टाकते. मग मोरचुदाचे निळे पाणी चुन्याच्या निवळीत बारीक धारेने सोडीत, लाकडी काठीने सतत ढवळीत जावे. आकाशी रंगाची मऊ खळ तयार होते. तीत एक स्वच्छ घासलेले चाकूचे पाते क्षणभर बुडवून बाहेर काढावे. पात्यावर तांबूस छटा चढली, तर मोरचूद अजून मोकळे आहे असे समजून चुन्याचे पाणी आणखी घालावे. पाते जसेच्या तसे निघाले, म्हणजे लेप लावण्यास योग्य झाला. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत, भेगा व जखमा न चुकवता, कुंच्याने तो लावावा आणि त्याच दिवशी संपवावा; शिळ्या लेपात दम राहत नाही. कोकणात सुपारीच्या कोवळ्या खोडांना नैर्ऋत्येकडून येणारे दुपारचे ऊन भाजून काढते, तेथे नुसता चुना लावला तरी काम भागते.

शिशिरातली पानगळ ही बागवानास मिळणारी वर्षातली सर्वांत मोठी फुकट देणगी, आणि आपल्या शहरांतून तिचा जो विनियोग होतो तो पाहून मन विषण्ण होते. सकाळी झाडूवाला पाने गोळा करतो, गल्लीच्या तोंडाशी ढीग घालतो आणि काडी लावतो. धूर सोसायटीच्या खिडक्यांतून आत येतो, आणि त्याच सोसायटीचे अध्यक्ष संध्याकाळी रोपवाटिकेतून पैसे मोजून खताची पिशवी आणतात! आपल्या आवारातली पाने आपणच मागून घ्यावीत. निम्मी पाने झाडांच्या आळ्यांतून चार बोटे जाड पसरावीत, खोडाला मात्र चिकटवू नयेत. उघड्या काळ्या जमिनीला फाल्गुनात केस शिरेल एवढी चीर पडते आणि वैशाखात तीत हात जातो. त्या चिरेवाटे खोलवरची ओल उडून जाते, ती या आच्छादनाने जागच्या जागी राहते. उरलेली पाने कोपऱ्यात कंबरेइतका ढीग करून, मधूनमधून शेणकाला शिंपडून, गोणपाटाने झाकून ठेवावीत. ढीग नेहमी दमट असावा, मुठीत दाबला तर एखादा थेंब सुटावा इतपत. जाड, चिवट पाने असतील तर ती वर्षभर लोळत राहतात. त्यांस आधी पायांखाली वा कुदळीच्या दांड्याने चुरावे. ज्यांच्या दाराशी झाड नाही अशा गच्चीवाल्यांनी रसवंतीगृहाशी संधान बांधावे. नेमकी याच दिवसांत ती सुरू होतात आणि उसाची चिपाडे त्यांना जड झालेली असतात. ती कुंडीत घालण्यापूर्वी चार दिवस उन्हात खडखडीत वाळवावीत, नाहीतर उरल्या गोडीवर मुंग्यांची पलटण चाल करून येते.

आच्छादन घालण्यापूर्वी जमीन एकदा खुरप्याने हलकी करून घ्यावी. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, अशी आपल्या शेतकऱ्याची धारणा आहे, आणि ती यथार्थ आहे. वरचा दोन बोटांचा थर भुसभुशीत झाला की खालची ओल वर चढून उडण्याची वाट तुटते.

होळी झाल्यावर राखेचा प्रश्न निघतो. राखेत पालाश असते, म्हणून ती झाडांना घालावी, असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि कोकणातल्या जांभ्याच्या आंबट मातीत तो योग्यही आहे. देशावरची काळी जमीन मुळातच अल्कधर्मी, चुनखडीने भरलेली. तीत राख व चुना ओतीत गेल्यास लोह झाडाला मिळेनासे होते आणि जास्वंदीची, मोसंबीची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. मूठभर राख शेणखतात मिसळून गेली तर हरकत नाही. घमेलेभर राख एका आळ्यात रिकामी करू नये. धुण्याच्या पाण्याचेही तेच. पाणीकपातीच्या दिवसांत ते बागेत सोडण्याची बुद्धी सर्वांस होते, पण साबणाच्या भुकटीतला सोडा काळ्या मातीस दगडासारखी घट्ट करतो. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेले पाणी निर्धास्त वापरावे. कपड्यांचे पाणी द्यायचेच तर दुसऱ्या खळबळीचे, आणि तेही रोज एकाच झाडास नको.

पानगळ झाली की फांद्यांचा सांगाडा दिसू लागतो आणि मोठी झाडे ‘हलकी’ करण्याची हुक्की अनेकांस येते. ही हुक्की आवरावी. चार महिन्यांनी ज्या सावलीवाचून खालची रोपे तगणार नाहीत, ती सावली माघात तोडून टाकणे शहाणपणाचे नाही. शिवाय शहरांतून हा मामला निव्वळ खासगी राहिलेला नाही. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांच्या जतनाचा १९७५ सालचा कायदा आहे, आणि त्याखाली झाड तोडण्यास वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, झाड आपल्याच आवारात असले तरी. फांदी धोकादायक झाली असेल तर रीतसर अर्ज करावा, आणि तो पावसाळ्याच्या तोंडाशी करण्याऐवजी आताच करावा. दप्तरातून कागद फिरून येण्यास वेळ लागतो. कढीपत्त्यावर मात्र खुशाल कात्री चालवावी. फेब्रुवारीच्या अखेरीस त्याचे शेंडे कापले व बुडाशी शेणखत दिले, की पाडव्यापर्यंत फोडणीस नवा, सुगंधी पाला मिळू लागतो. शेवगा याच्या उलट फुलावर असतो. शेंगा काढून होईपर्यंत त्यास अभय द्यावे.

उन्हाळी भाज्यांची वेळ थंडी उतरल्याशिवाय येत नाही, आणि जे उतावळे लोक संक्रांतीलाच भेंडी टोकतात त्यांचे बी गार मातीत पडून राहते. रात्री अंगावरची दुलई नकोशी वाटू लागली, की भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारले, दुधी यांची लावणी करावी. भेंडी व कारल्याचे बी रात्रभर पाण्यात भिजवावे. कारल्याचे कवच विशेष टणक, त्याचे टोक नखकात्रीने किंचित उडवले तर उगवण लवकर होते. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या म्हणजे पांढरी माशी आपले काम करून गेली असे समजावे व ते झाड तत्काळ उपटावे. त्यास औषध नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ‘परभणी क्रांती’ ही जात या रोगास बरीच दाद देत नाही, म्हणून बी घेताना तिची विचारणा करावी. कोथिंबीर व मेथी या दिवसांनंतर तुऱ्यावर येऊ लागतात. त्यांची शेवटची पेरणी माघातच करून, पुढे माठ व राजगिरा यांवर भागवावे.

वेलभाज्यांकरिता मडक्याची युक्ती जुनी आणि अजून अजिंक्य आहे. कुंभाराकडून सहा-सात लिटरांचे साधे, न रंगवलेले मडके आणावे; पाणी भरून तासाभराने बाहेरून हात फिरवावा, आणि हात ओला झाला तरच ते या कामास घ्यावे, कारण जुन्या मडक्याची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात. दीड-दोन फूट खोल खड्डा खणून, तळाशी शेणखत व माती घालून, मडके गळ्यापर्यंत पुरावे व तोंडावर परळ ठेवावा. त्याच्या भोवती, वीतभर अंतरावर, चार बाजूंस दुधीचे वा काकडीचे बी टोकावे. माती कोरडी होईल तसे मडके पाझरते, ओली असेल तर थांबते. वेलाची मुळे मडक्याला जाळीसारखी वेढून घेतात, आणि तीन-चार दिवसांतून एकदा ते भरण्यापलीकडे आपणांस काम उरत नाही. तण वाढत नाही, कारण वरची माती कोरडीच राहते. बी उगवेपर्यंत मात्र झारीने वरून पाणी द्यावे लागते. मडक्याचा पाझर बीपर्यंत पोचत नाही. वेलाला प्रथम येणारी फुले बहुधा सगळी नर असतात व गळून पडतात. त्यात काही वावगे नाही. मागे चिमुकले फळ घेऊन येणारे फूल मागाहून येते.

हिवाळी फुलांना आता निरोप द्यावयाचा. शेवंती फुलून झाली, की झुडूप जमिनीलगत कापावे. बुडातून ज्या काश्या निघतात त्याच पुढच्या वर्षाचे भांडवल होत, त्यांना अर्ध्या सावलीत बेताच्या पाण्यावर जगवून उन्हाळ्याच्या अखेरीस वेगळे करावे. डेलियाची पाने पिवळी पडेपर्यंत धीर धरावा, मग पाणी तोडून कंद उकरावेत. पण कंद नुसता उचलला तर तो फुटत नाही, त्याला मूळ खोडाचा डोळ्यासह तुकडा लागलेला असावा. सावलीत सुकवून, कोरड्या वाळूत, हवेशीर खोलीत ठेवावेत. फ्लॉक्स, ॲस्टर, झेंडू यांचे बी सर्वांत चांगल्या झाडावरून, दव सुकल्यावर, दुपारी गोळा करावे. कागदाच्या पुडीवर नाव व साल लिहावे. मोकळ्या वाफ्यांत गलांडा, झिनिया, कॉसमॉस पेरावेत. गलांडा हा तर उन्हाळ्याचा खरा मित्र, ऐन वैशाखातही देवघरास फूल देतो. चिनी गुलाबाची बोटभर काडी खोवली तरी ती लागते.

हवा तापू लागली की कीड येते. जास्वंदीच्या शेंड्यांत कापसासारखे पिठ्या ढेकूण दिसले, तर पहिल्यांदा खोडावर चढणाऱ्या मुंग्यांची रांग शोधावी. ढेकणांच्या गोड चिकट्यासाठी मुंग्याच त्यांना फांदोफांदी वाहून नेतात. पन्नास ग्रॅम निंबोळीचा गर कुटून, फडक्यात बांधून, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावा. सकाळी पिळून, गाळून, चिमूटभर साबण विरघळवून, तो अर्क संध्याकाळी फवारावा, कारण उन्हात त्याचा गुण लवकर जातो.

पाणी केव्हा द्यावे याविषयी वराहमिहिराने बृहत्संहितेत केलेली व्यवस्था आजही टिकून आहे : थंडीत एक दिवसाआड, उष्णकाळी सकाळ-संध्याकाळ, पावसाळ्यात जमीन सुकेल तेव्हा. एका व्यवस्थेतून दुसरीत हळूहळू जावे. माघात दिवसाआड, फाल्गुनात रोज सकाळी, आणि पाडव्यानंतर कुंड्यांना दोन वेळ, असा क्रम पुष्कळांस सोयीचा पडतो. मोठ्या झाडांस मात्र रोज लोटाभर देण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर दिलेले पाणी खोल जाते आणि मुळांनाही खोल नेते.

कुंड्यांची जागा आताच बदलावी. हिवाळ्यात दक्षिणेच्या कट्ट्यावर सुखाने बसलेली फर्ने व शोभेच्या पानांची झाडे महिन्याभरात तेथे करपतील. ती पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीकडे, एकमेकांस खेटून, विटांवर ठेवावीत. मे महिन्यात गावी जाण्याचा बेत असेल, तर नारळाची सोडणे आताच साठवू लागावी; रुंद घमेल्यात ती भिजवून, त्यांच्यावर कुंड्या मांडल्या म्हणजे चार-पाच दिवस निभावतात. आणि शेजारच्या मुलाला पाणी घालण्यास सांगून जाणार असाल, तर कोणत्या कुंडीला घालू नये तेवढे त्यास कागदावर लिहून द्यावे. निवडुंग व अडेनियम प्रेमाने भिजवून मारण्याचे काम अशीच कर्तव्यदक्ष मुले करतात.